ना. वा. टिळक यांचा ‘देवाचा दरबार’ : एका कवीने स्थापन केलेल्या ख्रिस्ती बंधुसंघाचा अभ्यास

प्रस्तावना :

रेव्हरंड नारायण वामन टिळक हे नाव मराठी वाचकाला प्रामुख्याने ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून परिचित आहे. शालेय पाठ्यपुस्तकांतून त्यांची निसर्गकविता पोहोचली आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनामुळे त्यांचे उत्कट, लहरी आणि कमालीचे उदार व्यक्तिमत्त्व मराठी मनात कायमचे ठसले. परंतु आयुष्याच्या अखेरच्या पर्वात या कवीने मिशनची नोकरी व वेतन सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा एक ख्रिस्ती बंधुसंघ स्थापन केला होता, ही बाब त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे. जेमतेम पावणेदोन वर्षे टिळकांच्या नेतृत्वाखाली चाललेला हा प्रयोग संस्था म्हणून टिकला नाही. तरीही त्याने उपस्थित केलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. परक्या संस्थेच्या आर्थिक आधारावर उभा असलेला समाज स्वतःच्या मातीत, स्वतःच्या बळावर उभा राहू शकतो का, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत लेखात टिळकांच्या जीवनाच्या आधारे या प्रयोगामागील प्रेरणा, त्याचे स्वरूप, त्याच्या मर्यादा आणि त्याचा वारसा यांचा विचार केला आहे.

टिळकांची जडणघडण :

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. नाशिक येथे त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राचे अध्ययन केले. पुढे नागपूर येथे ‘ऋषि’ या मासिकाचे संपादन त्यांच्याकडे होते. कीर्तन, पुराणकथन आणि शीघ्रकवित्व या कलांमध्ये ते प्रवीण होते. हिंदू समाजातील जातिभेद व कर्मकांड यांविषयीची अस्वस्थता त्यांच्या मनात या काळातच मूळ धरू लागली होती.

इ. स. १८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानाकडे जाताना आगगाडीत एका युरोपीय गृहस्थाशी त्यांची भेट झाली. संस्कृत काव्यावर रंगलेल्या संभाषणानंतर त्या गृहस्थाने त्यांना ‘नवा करार’ वाचावयास दिला. त्या वाचनातून, विशेषतः येशूच्या डोंगरावरील प्रवचनातून, त्यांच्या विचारांना निर्णायक वळण मिळाले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयाची किंमत केवळ त्यांनाच मोजावी लागली नाही. पत्नी लक्ष्मीबाई आणि लहानगा दत्तू त्यांच्यापासून काही वर्षे दुरावले. इ. स. १८५० च्या जातिनिर्बंध निवारण कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क कागदावर सुरक्षित केला होता. पण पंगत, पाणवठा आणि घरचा उंबरठा यांवर कायद्याची सत्ता चालत नव्हती. लक्ष्मीबाईंच्या मनातील जातिभेदाची भिंत हळूहळू ढासळली आणि १९०० साली त्यांनीही ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. बाप्तिस्मा म्हणजे माणसांची ताटातूट, हा अनुभव टिळकांनी स्वतः भोगला होता. ‘देवाच्या दरबारा’चे एक मूळ येथे आहे.

अहमदनगर व राहुरी : मिशनच्या छायेतील वर्षे :

अमेरिकन मराठी मिशनने १८१३ मध्ये मुंबईत आणि १८३१ मध्ये अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे कार्यास प्रारंभ केला. १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच मिशनचे. बाप्तिस्म्यानंतर टिळकांची कर्मभूमी अहमदनगर झाली. तेथील ईश्वरविज्ञान विद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली.

राहुरी हे या मिशनचे महत्त्वाचे ग्रामीण केंद्र होते. डॉ. विल्यम बॅलेंटाइन हे धर्मोपदेशक व वैद्य या दोन्ही नात्यांनी तेथे कार्यरत होते. टिळक कुटुंबाचेही काही वर्षे राहुरी येथे वास्तव्य होते. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती मंडळी बहुतांशी महार व मांग समाजांतून आलेली होती. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतर मिशनवर अनाथ मुलांच्या संगोपनाची मोठी जबाबदारी पडली होती. शाळा, दवाखाना, वसतिगृह, शिक्षक व उपदेशकांचे पगार हे सर्व परदेशातून येणाऱ्या निधीवर चालत असे. या व्यवस्थेने असंख्य कुटुंबांना अक्षरओळख व आत्मसन्मान दिला, हे निर्विवाद आहे. परंतु तिच्यामुळे एक अवलंबित्वही निर्माण झाले. मिशनरी साहेब निर्णय घेणारा आणि देशी सेवक त्याचा वेतनभोगी, असे नाते उपासनेच्या क्षेत्रातही रूढ झाले.

टिळकांना हे नाते सलत असे. मिशनमधील अनेक विदेशी सहकाऱ्यांविषयी त्यांना मनापासून आदर होता. त्यांचा आक्षेप रचनेवर होता. ख्रिस्त स्वतः आशियात जन्मला असताना भारतीय माणसाने त्याच्याकडे युरोपीय वेषात का जावे, असा त्यांच्या विचारांचा सूर होता.

उपासनेची भाषा :

या आक्षेपाला टिळकांनी प्रथम उत्तर दिले ते काव्यातून. तत्कालीन मंडळ्यांमध्ये इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे परदेशी चालींवर गाण्याची प्रथा होती. मराठी शब्दांचे स्वाभाविक आघात त्या चालींत बसत नसत. अहमदनगर येथे कृष्णराव सांगळे यांनी टिळकांच्या आधीच ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा सुरू केली होती. टिळकांनी त्या वाटेचा विस्तार केला. अभंग, ओवी, पदे आणि भजने या वारकरी संप्रदायाने घडविलेल्या रचनाप्रकारांत त्यांनी ख्रिस्तभक्ती व्यक्त केली. तुकोबांच्या अभंगांतूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची भावना होती. ‘अभंगांजली’ हा संग्रह या भूमिकेचा परिपाक होय.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. अभंगाचा स्वीकार हा टिळकांसाठी प्रचाराचा केवळ एक उपाय नव्हता. कीर्तनात श्रोता व गायक एकाच बैठकीवर असतात. ध्रुपद सर्वांनी मिळून म्हणावयाचे असते. निरक्षर माणूसही टाळ हाती घेऊन उपासनेचा कर्ता होतो. राहुरीसारख्या ग्रामीण भागातील, बहुतांशी निरक्षर असलेल्या मंडळींना छापील स्तोत्रपुस्तकापेक्षा हा मार्ग अधिक जवळचा होता. उपासनेचे स्वरूप बदलले की तिच्यातील अधिकाराची मांडणीही बदलते. ‘देवाच्या दरबारा’ची कल्पना या अर्थाने टिळकांच्या काव्यातच बीजरूपाने होती.

‘देवाचा दरबार’ : स्थापना व स्वरूप :

१९१२ पासून टिळक ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादक होते. सप्टेंबर १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या वेतनाचा त्याग करून संन्यस्त जीवनाचा संकल्प जाहीर केला आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्या वेळी त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते व प्रकृतीही साथ देत नव्हती. हा संन्यास कुटुंबत्यागाचा नव्हता. वेतन, पद आणि संचय यांचा तो त्याग होता.

दरबाराचे सर्वांत लक्षणीय वैशिष्ट्य म्हणजे त्याचे सदस्यत्व. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात बंधुभावाने सामील होऊ शकत. ज्यांनी मनाने ख्रिस्ताचे गुरुत्व स्वीकारले आहे, परंतु आप्तांपासून तुटण्याचा प्रसंग ज्यांच्यावर येऊ नये, अशांसाठी टिळकांनी हे दार उघडे ठेवले. चर्चला पर्याय उभा करणे हा त्यांचा हेतू नव्हता. चर्चच्या चौकटीबाहेर थांबलेल्यांनाही ख्रिस्ताच्या सहवासात बसता यावे, हा होता.

‘दरबार’ हा शब्दही अर्थपूर्ण आहे. मिशन, सोसायटी, कमिटी या परिभाषेऐवजी टिळकांनी या मातीला परिचित असलेला शब्द निवडला. दरबारात राजा एकच असतो व इतर सर्व त्याचे सेवक असतात. राजा देव आहे असे म्हटले की साहेब आणि देशी सेवक हा भेद आपोआप गळून पडतो, असा त्याचा अन्वयार्थ लावता येईल. दरबार हा मालमत्ता समाईक असलेला, एका छपराखाली राहणारा समूह नव्हता. भक्ती, सेवा आणि स्वेच्छेने स्वीकारलेले दारिद्र्य यांनी बांधलेला तो बंधुसंघ होता.

समकालीन प्रयोगांशी तुलना :

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अशा प्रयोगांची ओढ अन्यत्रही दिसते. जर्मनीतील चित्रकार हाइनरिख फोगेलर (१८७२-१९४२) याने युद्धाच्या अनुभवाने हादरून जानेवारी १९१८ मध्ये सम्राटाला शांततेचे आवाहन करणारे पत्र लिहिले. त्याबद्दल त्याला मनोरुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवण्यात आले. १९१९ मध्ये त्याने वोर्प्सवेडे येथील आपल्या ‘बार्केनहोफ’ या घरी सामुदायिक जीवनाचा प्रयोग सुरू केला. परंतु १९२४ पर्यंत तो संपुष्टात आला. १९२० मध्ये एबरहार्ड आर्नोल्ड व त्यांची पत्नी एमी यांनी झानेर्त्स या खेड्यात समाईक मालमत्तेच्या तत्त्वावर ख्रिस्ती वसाहत स्थापन केली. नाझी राजवटीने १९३७ मध्ये ती जर्मनीतून उखडली. मात्र ‘ब्रुडरहोफ’ या नावाने ती चळवळ अन्य देशांत आजही टिकून आहे.

या तुलनेतून एक सूत्र हाती येते. कलावंताच्या व्यक्तिगत तेजावर उभी राहिलेली वसाहत त्या तेजाबरोबर मावळते. शेती, कुटुंबे, छापखाना आणि नियम यांच्या आधाराने बांधलेली वसाहत संस्थापकामागेही जगू शकते. फोगेलरप्रमाणे टिळकांजवळही पहिली गोष्ट विपुल होती आणि दुसरीची उणीव होती.

प्रयोगाच्या मर्यादा :

९ मे १९१९ रोजी मुंबई येथे टिळकांचे निधन झाले आणि दरबाराचा मुख्य आधार नाहीसा झाला. परंतु संस्थापकाचा मृत्यू हे एकच कारण मानणे पुरेसे होणार नाही. पुढील दोन मर्यादांची दखल घेतली पाहिजे.

पहिली मर्यादा सामाजिक आहे. संन्यासाचा आदर्श ज्याच्यापाशी त्यागण्याजोगे काही आहे त्याला साजेसा असतो. प्रतिष्ठा व संस्कृत विद्या लाभलेल्या कवीने वेतन सोडले तर तो त्याग ठरतो. राहुरी परिसरातील खेड्यात तुटपुंज्या पगारावर शाळा चालविणाऱ्या शिक्षकाने ते सोडले तर घरची चूल विझते. त्याचप्रमाणे, उच्चवर्णीय जिज्ञासूला बाप्तिस्मा हे संकट वाटे. उलट, अस्पृश्य मानल्या गेलेल्या कुटुंबाला तो नव्या नावाचा, नव्या प्रतिष्ठेचा सोहळा होता. दरबाराचे खुले दार पहिल्यासाठी जितके अर्थपूर्ण होते तितके दुसऱ्यासाठी नव्हते.

दुसरी मर्यादा कौटुंबिक आहे. टिळकांचे दातृत्व घरातील शिधा-सामानाचाही विचार करीत नसे. त्यामुळे येणारी ओढाताण लक्ष्मीबाईंनी सोसली आणि ‘स्मृतिचित्रे’मध्ये ती तक्रारीच्या नव्हे, तर मिस्कील सुरात नोंदविली. पुरुषाच्या अपरिग्रहाचा हिशेब बहुधा स्त्रीच्या श्रमांत फेडला जातो, हे सत्य त्या हसऱ्या पानांमागे दडलेले आहे.

वारसा :

संस्था लोपली तरी तिच्यामागील विचार लोपला नाही. इंग्रज धर्मोपदेशक जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथेच ‘ख्रिस्त सेवा संघा’ची स्थापना केली. भारतीय व युरोपीय सभासदांनी भारतीय पद्धतीने एकत्र राहावे, हे त्या संघाचे तत्त्व होते. याच विन्स्लो यांनी १९२३ मध्ये टिळकांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे हा संघ पुण्यास गेला व १९२७ मध्ये व्हेरियर एल्विन त्यात दाखल झाले. तमिळ प्रदेशात तिरुपत्तूर येथे १९२१ मध्ये ‘ख्रिस्तकुल आश्रम’ उभा राहिला. ख्रिस्ती आश्रम चळवळीच्या या प्रवाहात ‘देवाच्या दरबारा’चे स्थान कालानुक्रमे अग्रभागी येते.

टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. १९३३ मध्ये नागपूर येथील मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात टिळकांच्या रचनांचा मोठा वाटा आहे.

समारोप :

‘देवाचा दरबार’ हा यशस्वी झालेल्या संस्थांच्या यादीत बसत नाही. वेतनाशिवाय सेवा, परकीय चौकटीशिवाय श्रद्धा आणि बाप्तिस्म्याच्या अटीशिवाय बंधुभाव या त्याच्या तीन सूत्रांपैकी पहिले सूत्र सामान्य सेवकाला पेलणारे नव्हते आणि तिसरे ज्या समाजाला बाप्तिस्म्यानेच ओळख दिली त्याला पुरेसे नव्हते. दुसरे सूत्र मात्र टिकले, कारण ते संस्थेत न राहता गाण्यात उतरले होते. रविवारच्या उपासनेत टाळांच्या साथीने टिळकांचा अभंग म्हणणाऱ्या मंडळीला तो मराठीखेरीज दुसऱ्या कोणत्या भाषेत असू शकला असता असे वाटतही नाही. टिळकांच्या प्रयोगाचे मूल्यमापन करताना सभासदांच्या नोंदवहीपेक्षा या सहजतेचा पुरावा अधिक ग्राह्य मानावा लागेल.