अक्षता पडताना चित्र का फुटतं?

ग्वाल्हेरच्या बिर्लानगरला ओळख दिली ती जियाजीराव कॉटन मिलनं. तिथल्या वसाहतीत झालेल्या आमच्या नात्यातल्या एका लग्नाचं शूटिंग मिनी-डीव्ही कॅसेटवर झालं होतं. घरोघरी मात्र पोचली ती त्यावरून काढलेली व्हिडिओ सीडी. अंतरपाट धरलेला असतो तोवर चित्र बरं दिसतं. शेवटचं ‘सावधान’ होतं, अक्षता उडतात आणि नवरीचा चेहरा चौकोनाचौकोनांत फुटतो.

कॅमेरा चांगलाच होता. पाल या टीव्ही-पद्धतीच्या एका चित्रात 720 गुणिले 576 ठिपके असतात आणि सेकंदाला अशी 25 चित्रं. रंगाची माहिती कमी करूनही ती तशीच साठवायची तर सेकंदाला सुमारे 125 मेगाबिट लागतात. कॅसेटवरचं डीव्ही ती 25 मेगाबिटांत बसवतं. चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे तुकडे पाडून डोळ्याला फारसे न जाणवणारे बारकावे गाळतं. महत्त्वाचं हे, की प्रत्येक चित्र एकटंच आवळलं जातं, शेजारच्या चित्रावर विसंबत नाही. अक्षता पडोत न पडोत, त्याचा वाटा तेवढाच राहतो.

व्हिडिओ सीडीवरच्या एमपेग-1 ला चित्रासाठी मिळतात जेमतेम 1.15 मेगाबिट. ठिपकेही 352 गुणिले 288, म्हणजे चौथा हिस्सा. एवढ्यात भागवायला ते अधूनमधून एक चित्र पूर्ण लिहितं आणि मधल्या चित्रांत फक्त काय सरकलं, काय बदललं तेवढंच नोंदवतं. स्थिर उभे भटजी, मांडवाचं कापड यांना जवळजवळ काहीच खर्च नाही. पण अक्षतांचा प्रत्येक दाणा आपल्या वाटेनं जातो. आधीच्या चित्रात त्याचा माग सापडत नाही, म्हणून पुष्कळसं चित्र नव्यानं लिहावं लागतं आणि शिधा तर ठरलेला. मग सगळ्याच तुकड्यांतला तपशील जाडाभरडा होतो. चेहरा हलला नसला तरी अक्षतांमागे तोच असतो.

पुढचं एचडीव्ही त्याच कॅसेटवर, त्याच 25 मेगाबिटांत 1440 गुणिले 1080 ठिपके बसवतं, पण एमपेग-2 च्या आधारानं, चित्रांचे गट करून. तिथे टेपवर ओरखडा आला तर एका चित्राऐवजी अर्ध्या सेकंदापर्यंतचं दृश्य बिघडू शकतं. 2006 मध्ये आलेलं एव्हीसीएचडी लहान तुकड्यांत, अधिक बारकाईनं हालचाल शोधतं, त्यामुळे कमी मेगाबिटांतही चांगलं दिसतं. म्हणूनच नुसता मेगाबिटांचा आकडा विचारणं मला अपुरं वाटतं.

एकदा गाळलेला तपशील सीडीतून परत काढता येत नाही. म्हणून मूळ कॅसेट शोधली आणि फायरवायर केबलनं जशीच्या तशी संगणकावर उतरवून घेतली. तासाला 13 जीबी. लाल-पिवळा-पांढरा केबल लावून पुन्हा आवळू दिलं नाही. कुंकवाचा लाल रंग दाण्याच्या कडेबाहेर थोडा पसरतो, कारण डीव्हीत रंगाची नोंद विरळ असते. पण दाणे सुटे दिसतात. त्यातला एक नवरीच्या मुंडावळीत अडकला आहे.