गणकयंत्राकडे जागा मागताना

महिनाअखेरीस कामगारांच्या पगाराचे हिशेब असोत, की बँकेतील खात्यांवरचे व्याज असो, मोठ्या संस्थांची ही कामे बहुधा रात्री होतात. ती करणाऱ्या प्रचंड गणकयंत्रांना मेनफ्रेम असे नाव आहे. काम सांगणारा मनुष्य त्या वेळी यंत्रासमोर बसलेला नसतो. कोणता कार्यक्रम चालवावयाचा, कोणती माहिती वापरावयाची, वेळ किती लागेल आणि जागा किती लागेल, हे सर्व त्याने आधीच लिहून ठेवावयाचे असते. अशा कामाला बॅच जॉब म्हणतात. त्यातील जागेच्या मागणीविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

जागा म्हणजे यंत्राची स्मृती. शाळेतील फळा आणि वही यांचा फरक ध्यानात घेतला म्हणजे ही कल्पना सहज उमगते. वहीतला मजकूर टिकतो. फळ्यावरचा तास संपताच पुसला जातो. परंतु गणित सोडवावयाचे ते फळ्यावरच. यंत्राच्या फिती आणि तबकड्या म्हणजे वह्या, आणि स्मृती म्हणजे फळा. वह्या हव्या तितक्या वाढविता येतात. फळा मात्र मर्यादित, आणि त्यावर हक्क सांगणारे अनेक.

ही मर्यादा एके काळी किती कडक होती, याचे उदाहरण मुंबईतच सापडते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेले टिफ्रॅक हे यंत्र १९६० साली कार्यान्वित झाले. त्याच्या स्मृतीत २०४८ शब्द मावत आणि प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा असे. प्रत्येक अंकासाठी तारांत ओवलेले एक बारीक चुंबकीय कडे. म्हणजे साऱ्या यंत्रात ८१,९२० कडी. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्यात ३२,७६८ शब्दांची सोय होती, आणि देशभरच्या संशोधकांची कामे छिद्रे पाडलेल्या पत्त्यांच्या रूपाने तेथे येत. आज आपल्या खिशातल्या दूरध्वनीपुढे ही स्मृती नगण्य वाटेल. त्या काळी तिचा कोपरान् कोपरा जपून वापरावा लागे.

त्याच वर्षी, एप्रिल १९६४ मध्ये, आयबीएम कंपनीने सिस्टिम ३६० या यंत्रमालिकेची घोषणा केली. एकाच यंत्रात एकाच वेळी अनेक कामे ठेवण्याची व्यवस्था तिच्यासोबत रूढ झाली, आणि वाटपाचा प्रश्न उभा राहिला. एका पद्धतीत स्मृतीचे ठराविक कप्पे आधीच पाडलेले असत. लहान काम मोठ्या कप्प्यात शिरले की उरलेली जागा वाया जाई. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक कामाने आपल्याला हवी तेवढी जागा स्वतः लिहून मागावयाची. कामाच्या आज्ञापत्रात 'रीजन' हा शब्द आणि त्यापुढे आकडा, उदाहरणार्थ १००के, असे ते लिहिले जाई. येथे 'के' म्हणजे १०२४ अक्षरांची जागा.

मात्र मागितलेली जागा सलग असावी लागे. आपल्या हुबळीच्या स्थानकावर २०२३ साली उद्घाटन झालेला १५०७ मीटर लांबीचा फलाट आहे. समजा, त्यावर मध्यभागी गाड्या उभ्या आहेत. एका टोकाला ४०० मीटर मोकळे आहेत आणि दुसऱ्या टोकाला ३००. बेरीज ७०० होते. तरीही ६०० मीटरची गाडी तेथे लावता येत नाही. यंत्रातही नेमके हेच घडे. जागा एकूण पुरेशी असूनही काम ताटकळत राही. एखाद्याने 'असू द्यावी' म्हणून गरजेच्या दुप्पट जागा मागितली, तर ती त्याच्या नावे अडकून पडे आणि मागची कामे खोळंबत.

उलट, कमी मागितले तर? कार्यक्रम चालू असताना त्याला अधिक जागा लागली आणि ती ठरलेल्या हद्दीत मिळाली नाही, तर यंत्र ते काम तेथेच तोडते आणि '८०ए' यासारखा सांकेतिक क्रमांक नोंदविते. मध्यरात्री पगारपत्रक असे अर्ध्यावर तुटले, तर त्याचा भार सकाळी पगाराकडे डोळे लावून बसलेल्या कुटुंबांवर पडतो.

१९७४ साली आलेल्या एमव्हीएस या व्यवस्थेने चित्र पालटले. प्रत्येक कामाला १६ मेगाबाइटचे स्वतंत्र भासमान अंगण मिळाले. खरी स्मृती सर्वांची सामाईकच. ज्या भागाची तूर्त गरज नाही तो तबकडीवर हलविला जातो आणि लागेल तेव्हा परत आणला जातो. पुढे ऐंशीच्या दशकात हे अंगण दोन गिगाबाइटपर्यंत वाढले, आणि २००० नंतर त्याच्याही पलीकडे गेले. त्या पलीकडच्या भागासाठी 'मेमलिमिट' ही निराळी मर्यादा लिहितात. 'रीजन'चा अर्थही बदलला; ती राखून ठेवलेली जागा राहिली नाही, ओलांडू नये अशी सीमा झाली.

मग 'रीजन' शून्य लिहावे, म्हणजे मिळेल तितकी सारी जागा घ्यावी, असा मोह होतो. तशी सोय खरोखरच आहे. परंतु चुकीच्या चक्रात सापडलेला कार्यक्रम अशा वेळी जागा गिळीत सुटतो. पानांची ने-आण वाढते आणि शेजारची निरपराध कामे मंदावतात. त्याच अंगणाच्या वरच्या टोकाला यंत्रव्यवस्थेच्या स्वतःच्या नोंदी असतात. त्यांनाही जागा उरली नाही तर काम नीट आवरतासुद्धा येत नाही. म्हणूनच पुष्कळ संस्था आपली वेगळी कमाल मर्यादा घालून ठेवतात.

तेव्हा योग्य आकडा ठरवावा कसा? काम संपल्यावर यंत्र प्रत्यक्षात किती जागा वापरली गेली ते नोंदविते. ती नोंद वाचावी; महिनाअखेरचा, वर्षअखेरचा वाढलेला बोजा लक्षात घ्यावा आणि वर थोडी पुस्ती जोडावी. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आज्ञापत्राच्या मथळ्यात लिहिलेला आकडा आतील प्रत्येक पायरीवरच्या आकड्याला मागे सारतो. म्हणून एकाच पायरीला अधिक जागा लागत असेल, तर ती त्या पायरीपुरतीच मागणे इष्ट. काहीच लिहिले नाही, तर संस्थेने ठरविलेला आकडा लागू होतो; तो आपल्या कामास पुरेल अशी खात्री नसते.

हुबळी-धारवाडची कितीतरी मुले आज गणकयंत्रांच्या व्यवसायात शिरत आहेत. त्यांना हा एक आकडा क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. परंतु तो लिहिणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: आपली गरज किती, आणि आपल्या शेजारी आणखी कोण काम करीत आहे. पहिली मोजून कळते. दुसरी यंत्र शिकवीत नाही. ती ज्याची त्यानेच शिकावयाची असते.