नाशिक शहर परिवहन नियोजन

महाराष्ट्रातील नाशिक या वेगाने विस्तारणाऱ्या शहराच्या सार्वजनिक वाहतुकीची आखणी. शहराची लोकसंख्या १४,८६,०५३ (२०११) असून १९९१ च्या मानाने ती दुपटीहून अधिक होती. जुनी वस्ती गोदाकाठी, तर नाशिक रोड रेल्वेस्थानक तेथून सु. ९ किमी. आग्नेयीस, हा येथील वाहतुकीचा मूळ प्रश्न होय. त्यासाठी १८८९ मध्ये घोड्यांची ट्रॅम सुरू झाली. ती १९३०–४० या दशकात बंद पडली. पुढे सातपूर व अंबड येथील औद्योगिक वसाहतींमुळे रहदारीस पश्चिमेकडील दुसरी दिशा मिळाली. नामपूर, सटाणा यांसारख्या बाजारगावांहून एस्. टी. ने येणाऱ्यांनाही पुढे शहर बस वा रिक्षाच गाठावी लागते.

विजेच्या तारांखालून रबरी चाकांवर धावणाऱ्या ‘मेट्रो निओ’साठी २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २,०९२ कोटी रु. जाहीर झाले; २०२४ अखेर बांधकाम मात्र सुरू झालेले नव्हते. तिचा गंगापूर–नाशिक रोड हा नियोजित मार्गही रेल्वेस्थानकाकडेच जाणारा आहे.

दरम्यान भार बसवरच राहिला. राज्य परिवहन महामंडळाची शहरसेवा तोट्यामुळे आक्रसली व ८ जुलै २०२१ रोजी महानगरपालिकेच्या परिवहन कंपनीची ‘सिटीलिंक’ सेवा सुरू झाली. तिच्या बहुतेक गाड्या नैसर्गिक वायूवर चालतात. ठेकेदारास मोबदला प्रवासीसंख्येवर नव्हे, तर धावलेल्या किलोमीटरांवर मिळतो. त्यामुळे तुरळक वस्तीच्या मार्गावरही गाडी सोडता येते. तिकिटांतून न भरून निघणारी तूट मात्र महानगरपालिकेस सोसावी लागते. फेऱ्या कमी केल्यास ही तूट घटते, परंतु प्रवासी दुचाकीकडे वळतो व सहसा परतत नाही.