करपा कवक

करपा कवक : (पिरिक्युलॅरिया ओरायझी, विभाग–ॲस्कोमायकोटा). तृणकुलातील वनस्पतींवर जगणारे व भातावर करपा हा रोग उत्पन्न करणारे कवक (बुरशी). याच्या लैंगिक अवस्थेस मॅग्नापोर्थे ओरायझी असे नाव आहे.

भंडारा जिल्हा भातशेतीसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एकोडीसारख्या गावांच्या शिवारात भाताची बांधी व धुऱ्यावरील गवत अगदी लगत असतात. ढगाळ हवा, रात्रीचा गारवा, पानांवर दीर्घकाळ टिकणारे दव आणि नत्रयुक्त खताचा अतिरेक यांमुळे करपा बळावतो. पानांवर दोन्ही टोकांस निमुळते, मध्यभागी राखी व कडेस तपकिरी ठिपके पडतात. लोंबीच्या मानेवर लागण झाल्यास लोंबी मोडते व दाणे पोचट राहतात.

आश्रयी वनस्पती : कृत्रिम लागणीच्या प्रयोगांत हे कवक अनेक गवतांवर वाढते, त्यामुळे धुऱ्यावरील प्रत्येक गवत रोगाचे उगमस्थान असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्याचे भात, राळा, नाचणी, गहू इत्यादींशी जुळलेले निरनिराळे गट आहेत व प्रत्येक गट निसर्गात मुख्यतः आपल्याच आश्रयीवर आढळतो. डिजिटॅरिया वंशातील गवतांवरील कवक २००२ मध्ये मॅ. ग्रिसिया ही स्वतंत्र जाती म्हणून वेगळे करण्यात आले. भातावरील गट राळ्यावरील गटापासून निघाला असावा, असे जनुकीय अभ्यासावरून दिसते. तथापि या सीमा अभेद्य नाहीत : १९८५ मध्ये ब्राझीलमध्ये गव्हावर करपा प्रथम आढळला व २०१६ मध्ये तो बांगला देशात पोहोचला.

आनुवंशिक विविधता : शेतात भातावरील गटाचे प्रजनन बहुधा अलैंगिक असते, तरी त्यात पुष्कळ विविधता आढळते. भाताच्या प्रतिकारक वाणातील जीन कवकाचे एखादे विशिष्ट प्रथिन ओळखून प्रतिकार सुरू करतो. कवकातील चल जनुकघटकांमुळे त्या प्रथिनाचा जीन बदलला किंवा नष्ट झाला, तर कवक ओळखले जात नाही व वाण रोगास बळी पडतो. म्हणून एकच प्रतिकारक वाण विस्तृत क्षेत्रात वर्षानुवर्षे लावणे धोक्याचे ठरते.

भातावरील कवक रोगट बियाणे व तणस (भाताचा पेंढा) यांत टिकून राहते. त्यामुळे केवळ धुरे साफ करून रोग टळत नाही. निरोगी बियाणे, बीजप्रक्रिया, रोगट तणसाची विल्हेवाट, नत्राच्या विभागून दिलेल्या मात्रा व वाणांत वेळोवेळी पालट हे उपाय अधिक उपयुक्त आहेत.