व्हिडीओ कॉल अडखळतोय? राउटरमधली रांग बदला

गणपतीला मुंबईहून चाकरमानी गडबसारख्या गावात येतात आणि घरातल्या एकाच राउटरवर दहा-बारा मोबाइल चढतात. आरतीचे फोटो, व्हिडीओ वाय-फाय मिळताच आपोआप क्लाउडवर जाऊ लागतात. नेमका त्याच वेळी कुणाचा ऑफिसचा कॉल किंवा ऑनलाइन मुलाखत असते आणि आवाज तुटतो. अशा वेळी महागडा प्लॅन घेण्याआधी राउटरचं सेटिंग पाहा.

यात रांगा दोन असतात. पहिली हवेतली, मोबाइल आणि राउटर यांच्यामधली. तिथे ‘डब्ल्यूएमएम’ काम करतं. आवाज, व्हिडीओ, साधा आणि पार्श्वभूमीतला असे डेटाचे चार वर्ग ते मानतं. आवाजाला सर्वांत कमी थांबावं लागतं. हे सेटिंग सहसा सुरूच असतं, त्याला हात लावू नका. ते बंद केलं तर वेग ५४ एमबीपीएसच्या जुन्या मर्यादेवर येऊ शकतो.

दुसरी रांग राउटरमधून बाहेर जाणाऱ्या लाइनची. खरी कोंडी बहुधा इथेच होते, तीही अपलोडला. वडखळ नाक्यावर अडकलेल्यांना वेगळं सांगायला नको : पुढे रस्ता अरुंद असला की गाडीचा वेग कामाचा नाही. इथला उपाय म्हणजे ‘क्यूओएस’.

राउटरच्या तळाशी लिहिलेला पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. त्याआधी, इतर कुणी नेट वापरत नसताना स्पीड टेस्ट घ्या. अपलोड २० एमबीपीएस मिळाला तर क्यूओएसमध्ये १७-१८ भरा. पूर्ण आकडा भरला तर रांग राउटरच्या पुढच्या यंत्रात लागते आणि तिथे तुमचा नियम चालत नाही. मग कॉल असलेल्या लॅपटॉपला ‘हाय’ प्राधान्य द्या. पाहुण्यांना वाईट वाटेल म्हणून सगळ्यांनाच ‘हाय’ दिलंत, तर कुणालाच फायदा नाही!

कंपनीने दिलेल्या काही राउटरमध्ये क्यूओएसचा पर्यायच नसतो. तिथे कॉलपुरता मोबाइलमधला फोटो बॅकअप थांबवायला सांगणं हाच मार्ग. आणि दोन भिंतींपलीकडे सिग्नलच क्षीण असेल तर प्राधान्य देऊन उपयोग नाही. राउटरची जागा बदला.

सेव्ह केलेलं सेटिंग वीज गेली तरी राहतं. रिसेटचं बटण दाबलं तर मात्र सगळं पुन्हा भरावं लागेल.