एका यार्डाचा हिशेब

१ फेब्रुवारी २०१५. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ग्लेंडेल शहरी अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना, सुपर बोल, शेवटच्या मिनिटात येऊन ठेपला होता. न्यू इंग्लंड पॅट्रियट्स २८, सिॲटल सीहॉक्स २४. चेंडू सिॲटलकडे आणि रेषा अवघ्या एका यार्डावर, म्हणजे तीन फुटांवर. ती ओलांडली की विजय जवळजवळ निश्चित. मार्शॉन लिंच हा बलदंड धावपटू हाताशी होता. आधीच्याच डावात त्याने चार यार्ड कापले होते.

या खेळात चढाई करणाऱ्या संघास चार संधी मिळतात. प्रत्येक संधीचा डाव प्रशिक्षक ठरवतात आणि क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणातील ध्वनियंत्रातून त्यास कळवतात. डाव सुरू करण्याच्या घड्याळात १५ सेकंद उरली की हा संवाद बंद होतो. त्यानंतर समोरची रचना पाहून चेंडू कोठे आणि केव्हा सोडायचा, हा भार एकट्या क्वार्टरबॅकवर असतो.

सिॲटलच्या तीन संधी शिल्लक होत्या, सेकंद २६ आणि खेळ थांबवून घेण्याची मुभा एकच. धावपटू अडवला गेला तर घड्याळ चालूच राहते. फेकलेला चेंडू जमिनीवर पडला तर ते थांबते. तिन्ही संधी पदरात पाडून घ्यायच्या, तर एकदा तरी चेंडू फेकणे शहाणपणाचे होते. हा हिशेब मांडून पीट कॅरोल यांच्या प्रशिक्षकवर्गाने फेकीचा डाव दिला. रसेल विल्सन याने तो रिकार्डो लॉकेटकडे वेगाने फेकला. पण पॅट्रियट्सच्या माल्कम बटलर या नवख्या खेळाडूने सरावात हाच डाव पाहिला होता, त्यात मातही खाल्ली होती. या वेळी रचना ओळखून तो पुढे झेपावला आणि चेंडू त्याच्या हाती आला. सामना तेथेच संपल्यासारखा झाला.

चेंडू लिंचच्या हाती का दिला नाही, हा प्रश्न पुढे वर्षानुवर्षे विचारला गेला. कॅरोल यांनी दोष विल्सनवर ढकलला नाही; निर्णयाची जबाबदारी स्वतःकडे घेतली.

फेकीचा विचार चुकीचा नव्हता. गर्दीच्या मधोमध फेकण्याचा प्रकार मात्र जोखमीचा होता, ही टीका रास्त म्हणता येईल. परंतु केवळ निकाल पाहून सारा निर्णयच मूर्खपणाचा ठरविणे हा न्याय नव्हे. बटलरला क्षणभर उशीर झाला असता, तर तोच डाव धोरणी म्हणून वाखाणला गेला असता.

पेढीवर बसणाऱ्यास हे निराळे सांगावयास नको. भाव पडल्यावर खरेदीला नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. सौदा झाला त्या दिवशी हाती कोणती माहिती होती, किती वेळ होता आणि किती नुकसान सोसण्याची तयारी होती, हे विचारणारा विरळा. घरातील तरुणाच्या फसलेल्या व्यवहाराची वही उघडताना हे तीन प्रश्न आधी विचारावेत. तोट्याचा आकडा त्यानंतर पाहावा.