स्वेटरवरचे फूल का आक्रसते?

रुमालावर जे फूल सपाट व डौलदार उठते, तेच त्याच हाताने स्वेटरवर भरले असता त्याभोवती चुण्या का पडतात, याचे कारण भरणारीच्या कौशल्यात नसून वस्त्राच्या रचनेत आहे. रुमालाच्या, मागावर विणलेल्या कापडात उभे-आडवे धागे ताठ बसलेले असतात. स्वेटर मात्र एकात एक गुंतलेल्या फाशांचा बनलेला असून, अंगात घालताना प्रत्येक फास रुंदावतो व काढताच पूर्ववत होतो. त्यावर लांब, घट्ट टाका घातला की खालची लोकर पसरू पाहते आणि वरचा धागा तिला अटकाव करतो.

यावरची जुनी तजवीज मला फार सुंदर वाटते. सुलट बाजूस विणीचा प्रत्येक टाका इंग्रजी व्ही अक्षरासारखा दिसतो. बोथट सुई त्याच्या तळाशी वर काढावी, वरच्या टाक्याच्या दोन्ही पायांमागून आडवी न्यावी व पुन्हा तळाच्या त्याच छिद्रात उतरवावी. नवा धागा मूळ धाग्याच्याच वाटेने जात असल्यामुळे त्याच्याबरोबरच ताणला जातो. सुई टोकदार असल्यास लोकर दुभंगते. शिवाय हा टाका सहसा उंचीपेक्षा रुंद असतो, यास्तव चौकटीच्या कागदावरचे गोल फूल स्वेटरवर चपटे उतरते. नक्षी थोडी उंचच आखावी.